येरामेमची पोर

(मलकापूरजवळचं एक गाव. सकाळ. रस्त्यालगतचा घराचा ओटा. ओट्यावर अन्नपूर्णाबाई आणि त्यांचा मुलगा सागर. खाली रस्त्यावर, पायात चपला तशाच ठेवून, झुंबरबाई.)

झुंबरबाई : बसत नाही मी. बसायले नाही आली. आधी हे सांग सागर, माही माय कोण?

सागर : आजी, वर तं या. चहा होऊन राह्यला.

झुंबरबाई : चहा राहू दे. साऱ्या दुनियेले सांगून राह्यला तू, माही माय कोण होती ते. मलेबी सांग की. मी लेक आहे तिची. सत्तरीले टेकली तरी मले माहीतच नव्हतं, बाप्पा.

सागर : मी ठामपणे कुठं म्हटलं? व्हिडिओच्या नावापुढं प्रश्नचिन्ह आहे ना. 'हॉलीवूडच्या राणीची लेक आपल्या मलकापूर तालुक्यात?' असं. चांगलं मोठं प्रश्नचिन्ह टाकलं, लाल रंगाचं.

झुंबरबाई : अंगणवाडीत मी तुले अ अननसाचा शिकवला. तुहा शेंबूड पुसला. पुढं एक वाकडी काडी काढली का कोणाचीबी माय बदलता येते, हे तं मी शिकवलं नव्हतं.

अन्नपूर्णाबाई : बाई, चिडू नका. पोट्टं आहे. अन त्यानं वाईट तं काही म्हणलं नाही. इतकी मोठी नटी म्हणे ते. काल बाजारात बाया म्हणत होत्या, झुंबरबाईचं नशीब पाहा वं.

झुंबरबाई : अन्नपूर्णा, तुले उद्या कोणी म्हणलं, तू तुह्या अमडापूरच्या मायची नाहीच, तू कोण्या राणीची, तिनं तुले रस्त्यात टाकून देलं. तं तू पेढे वाटशीन?

अन्नपूर्णाबाई : माह्या मायले कायले मधात आणता?

झुंबरबाई : पाह्यलं? उलशीक लावलं तं झोंबलं ना?

सागर : आजी, तुमाले कोणी सांगितलं पण? तुम्ही तं मोबाइलवर व्हिडिओ पाहत नाही.

झुंबरबाई : समताचा फोन आला पुण्याहून. नातीचा. तिच्या कंपनीतल्या पोरी तिले विचारून राह्यल्या, तुझी पणजी गोरी मडम होती म्हणे? तिनं पाह्यला तुहा व्हिडिओ. म्हणे, आजी, तुझा फोटो आहे त्याच्यात, बाजूले एका गोऱ्या बाईचा फोटो, अन मधात बाण काढेल आहे. मी म्हणलं, अन तानाबाईचं नाव? तं म्हणे, नाही. म्हणलं, नीट पाय. म्हणे, दोनदा पाह्यलं आजी, पणजीचं नाव एकदाबी नाही.

सागर : ते... एडिटिंगमधे गेलं असन.

झुंबरबाई : नऊ महिने पोटात ठेवलं तिनं मले. अन गेली ते कशात, तं एडिटिंगमधे.

अन्नपूर्णाबाई : सागर, सांग बरं बाईले तू काय काय बोलला ते. तोंडानं सांग. त्यायले वाटते, लयच काही वंगाळ बोलला.

सागर : ते एका नटीवर मी सिरीज करून राह्यलो, आजी. व्हेरा मॅलन. जुन्या जमान्यातली टॉपची हिरोईन. काळ्यापांढऱ्या सिनेमातली. 'व्हेराबद्दल तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टी', असं नाव आहे. लोकायले आवडते असं.

झुंबरबाई : कोणत्या गोष्टी? होऊन जाऊ दे.

सागर : म्हणजे, ती गाढविणीच्या दुधानं तोंड धुवायची. तिच्या भिवयांचा विमा काढेल होता. जेवायच्या आधी कच्चा कांदा खायची, म्हणून हिरो लोक तिच्याजवळ उभे राहायले घाबरत. एका डायरेक्टरले तिनं सगळ्यायपुढं सँडल फेकून मारली. अन तिच्या डाव्या पायाले सहा बोटं होती. म्हणून कोणत्याच सिनेमात तिचा डावा पाय दिसत नाही.

झुंबरबाई : सहा बोटं कोणी मोजली?

सागर : कोणी मोजली म्हणजे... नेटवर आहे.

झुंबरबाई : पोस्टरवर तं दोन्ही पाय होते तिचे. चपला घालून.

सागर : कोणतं पोस्टर?

झुंबरबाई : सांगीन. आधी तुहं आटपू दे. माही पाळी कुठून आली?

सागर : ते छप्पन-सत्तावन सालची गोष्ट आहे. व्हेरा एकदम गायब झाली. आठ महिने शूटिंग बंद, पार्ट्या बंद. कुठं होती, कोणालेच माहीत नाही. तिकडं लय अफवा आहेत त्याच्यावर. कोणी म्हणते तिले लेकरू झालं, ते लपवलं. कोणी म्हणते ती कोण्या महाराजासंग शिकारीले भारतात आली होती. मले एकदम क्लिक झालं. भारतात आली तं मुंबईले उतरली असन. मुंबईहून नागपूरकडं निघाली असन. रस्त्यात काय आहे?

झुंबरबाई : काय आहे?

सागर : मलकापूर.

झुंबरबाई : भुसावळ नाही? अकोला नाही? बाईले कळा आल्या त्या बरोबर मलकापूर टेशनवर?

सागर : पुढं ऐका ना. मग तुमचे डोळे. साऱ्या गावात इतके घारे डोळे कोणाचे आहेत?

झुंबरबाई : माह्या बापाच्या मायचे होते. माह्या आत्याचे होते. वस्तीत येऊन पाह्यलं असतं तं माह्या भावाच्या पोराचेबी दिसले असते, धम्मरत्नचे. घारे डोळे काय मडमाच्याच वावरात पिकतात?

सागर : अन तुमचं नाव. झुंबर. खेड्यातल्या पोरीचं नाव झुंबर कोण ठेवन? झुंबर तं बंगल्यात असते. व्हेराच्या बंगल्यात सातशे दिव्यांचं झुंबर होतं, ते तं फेमस आहे.

झुंबरबाई : अरे भैताडा. माह्या मोठ्या आत्याचं नाव झुंबर होतं. तिच्या सासूचंबी झुंबर. इकडच्या चार गावांत हाक मार झुंबर म्हणून, अर्ध्या म्हाताऱ्या ओ देतीन. तुहं नाव सागर, मंग तुह्या बापानं समुद्र पाह्यला होता का?

अन्नपूर्णाबाई : नव्हता पाह्यला. अजूनबी नाही पाह्यला.

सागर : आई, तू कोणाकडून आहे?

झुंबरबाई : अन त्या बाईचं मले सांग. त्या येराचं. जिती आहे का?

सागर : नाही. कधीचीच गेली.

झुंबरबाई : मंग तिनं तुहं काय घोडं मारलं? मेलेल्या बाईच्या पायाले बोट चिकटवलं, पोटात लेकरू घातलं, अन ते लेकरू तिनं टेशनवर टाकून देलं. म्हणजे माही माय तं नेलीच तू. वरून तिले बदनाम केलं, ते वेगळंच.

सागर : पण मग आठ महिने कुठं होती ती?

झुंबरबाई : घरी असन. बिमार असन. तिची माय बिमार असन. कटाळली असन त्या दिव्यायले. बाई आठ महिने दिसली नाही का लोकायले तिचं पोटच दिसते काय बे?

सागर : कोणाले माहीत नाही ना पण.

झुंबरबाई : मंग नसू दे माहीत. तिचं तिले माहीत होतं, पुरे झालं.

अन्नपूर्णाबाई : बाई, चहा घ्या. थंडा होते. अन आता जे झालं ते झालं. दुपारी ते मुंबईचे चॅनलवाले येऊन राह्यले...

झुंबरबाई : कोण येऊन राह्यलं?

सागर : आई, तुले सांगितलं होतं ना, मी सांगीन म्हणून.

झुंबरबाई : आता सांग.

सागर : तो व्हिडिओ लय चालला, आजी. मग मुंबईच्या एका चॅनलचा फोन आला. ते तुमची मुलाखत घेतीन. पांढरी साडी नेसली तं बरं दिसन म्हणे. तुम्ही फक्त येवढं म्हणायचं, 'मला लहानपणापासूनच वाटायचं की मी इथली नाही.' बस. अन मग ते कापसाच्या काडीवर उलशीक थुंकी घेतीन. तपासायले. तिकडं व्हेराच्या भाचीची नात आहे, तिच्याशी जुळते का पाहतीन.

झुंबरबाई : थुंकी पायजे त्यायले?

सागर : थोडीशीच.

झुंबरबाई : दुपारपर्यंत कायले थांबतीन? माह्या तोंडात आत्ताच आली आहे. कुठं थुंकू, सांग.

अन्नपूर्णाबाई : बाई, असं नका बोलू ना. मले लय वाईट वाटून राह्यलं. व्हिडिओत त्यानं मले बसवलं, विचारलं, तं मी माह्या कानानं ऐकलं तेवढंच बोलली. खोटं एक अक्षर नाही. मी नवीन सून होती. तुम्ही अंगणवाडीतून घरी जात या गल्लीतून, तवा सासूबाई म्हणत, 'पाय, चालली येरामेमची पोर.' सासरेबी म्हणत. मी म्हणलं, असन बाप्पा कोण्या मेमची. तुमचे डोळे तसे, चालणं तसं ताठ. मले वाटलं, कौतुकानं म्हणतात.

झुंबरबाई : कौतुकानं.

सागर : तोच तं माहा सगळ्यात मोठा पुरावा आहे. आईनं 'येरामेम' म्हटलं अन मी उडालोच. वेळेले आपण येळ म्हणतो. विहिरीले इहीर. मग वेराची काय होईन? येरा. व्हेरा मॅडम म्हणजे येरामेम. या गावात व्हेराचं नाव साठ-सत्तर वर्षं कोणी उगाच घेईन का?

झुंबरबाई : उगाच नाहीच घेतलं. तेवढं एक बरोबर पकडलं तू.

सागर : पाहा. म्हणजे ती आली होती.

झुंबरबाई : पोस्टर आलं होतं.

सागर : काय?

झुंबरबाई : माय सांगे, माह्या जन्माआधी जत्रेत सिनेमाचा तंबू आला होता. इंग्रजी सिनेमा. बैलगाडीले पोस्टर बांधलं अन ढोल वाजवत गावात फिरवलं. पोस्टरवर गोरी बाई, कमरेवर हात, उंच टाचेच्या चपला, अन खाली मराठीत मोठं लिहेल, वेरा. लोक गाडीमागं फिरले. तिच्या सिनेमाले कोणी गेलं नाही फारसं, पण चपला साऱ्यायच्या ध्यानात राह्यल्या.

अन्नपूर्णाबाई : मंग येरामेम कोण?

झुंबरबाई : तानाबाई. जानरावची बायको. माही माय.

सागर : तुमच्या आईले येरामेम म्हणत?

झुंबरबाई : तू व्हिडिओत काय म्हणला? छप्पन साली एक बाई मलकापूर टेशनवर गाडीतून उतरली अन तिच्या पोटात झुंबर होती. हाव. उतरली. पांढरं लुगडं नेसेल होती. बापानं अन मायनं नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, अन त्या गाडीनं परत आले. टेशनाबाहेर बापानं तिले चपलांचा जोड घेऊन देला. तिच्या जन्मातला पहिला. तिथून पायी गावापर्यंत आली ती चपला घालून. पायाले फोड आले, तरी काढल्या नाही म्हणे.

अन्नपूर्णाबाई : अन या गल्लीतून आली?

झुंबरबाई : दुसरा रस्ता कुठी होता? आमच्या वस्तीतल्या बाया या गल्लीतून कशा जात, तुले कोणी सांगितलं नसन. चपला असल्या तं हातात घ्यायच्या. मान खाली. हा ओटा मागं गेला का मंग पायात घालायच्या. बाप्येबी तसेच. ज्याच्या पायात जोडच नव्हता, त्याले तेवढं सोपं होतं.

सागर : हे कोणी ठरवलं होतं?

झुंबरबाई : तुह्या नेटवर नाही का?

सागर : आजी.

झुंबरबाई : माय आली. पायात जोड, फटक, फटक. तुहे आजोबा, उकंडराव, इथंच बसेल होते, तू बसला तिथं. संगं चार-पाच जण. पोस्टरची गाडी नुकतीच गेलती. ते म्हणे, 'पाहा रे, येरामेम आली.' सारा ओटा हासला. मायनं मान खाली घातली नाही अन चपलाबी काढल्या नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दुसऱ्या बाया तिले म्हणत, कायले जीव धोक्यात घालते वं, पोटुशी हाय. तं म्हणे, पोटात हाये तिलेबी आवाज ऐकू येऊ दे.

अन्नपूर्णाबाई : माय वं.

झुंबरबाई : मंग इथून शेणपाणी वतणं सुरू झालं. बरोबर तिच्या यायच्या टायमाले, ओट्यापुढं रस्त्यावर. मी सातव्या महिन्याची होती पोटात. ती घसरली. पडली नाही, भिंतीले धरलं. पण चपलेचा अंगठा तुटला. मोडेल चपल हातात घ्यायची काय? ओट्यावरचे पाहूनच राह्यले होते, आता घेते हातात म्हणून. तिनं घेतली नाही. फरफटत नेली, पण पायातच.

सागर : पाणी कोण टाकत होतं?

झुंबरबाई : विचार तुह्या मायले. तिनं सासू पाह्यली आहे.

अन्नपूर्णाबाई : सासूबाई गेल्या आता. वच्छलाबाईचं नाव आज कायले काढता?

झुंबरबाई : मी कुठी काढलं? तूच काढलं.

सागर : आजी, ठीक आहे. मी व्हिडिओ काढून टाकतो. आत्ता, तुमच्यापुढं. हे पाहा. चॅनलवाल्यायले नाही म्हणतो. झालं?

झुंबरबाई : नाही झालं.

सागर : आता काय राह्यलं?

झुंबरबाई : हजारो लोकायनं पाह्यला तो. त्यायच्या डोक्यातून काढशीन काय? दोन वर्षानं कोणी तरी म्हणनच, इथं मडमेची लेक होती, घरच्यायनं दाबून टाकलं प्रकरण. माहा नवा व्हिडिओ कर. मी तानाबाईची पोर. येरामेम तिलेच म्हणत. काऊन म्हणत, कोणत्या ओट्यावरून म्हणत, ते सारं.

अन्नपूर्णाबाई : बाई, ओट्याचं नका सांगू.

झुंबरबाई : काऊन?

अन्नपूर्णाबाई : सासऱ्याचं नाव शाळेच्या कमानीवर आहे. साऱ्या गावानं लावलं. सागरचं लग्न जुळून राह्यलं, चिखलीचे पाव्हणे येऊन गेले. गेलेल्या माणसाचं असं मोबाइलवर... सांगा ना, का गावात कोणी कोणी म्हणत होतं. येवढं म्हणलं तं धकते की.

झुंबरबाई : म्हणजे माह्या मायचं नाव एडिटिंगमधे गेलं तं चालते. तुह्या सासऱ्याचं ठेवा झाकून.

अन्नपूर्णाबाई : तसं नाही म्हणत मी.

झुंबरबाई : तसंच म्हणते तू. गोड बोलून म्हणते, येवढाच फरक. पोरगं म्हणते, माय मडम होती. तू म्हणते, माय तानाबाई असू दे, पण तिले त्रास देणारं कोणी नव्हतंच. मंग ती चपला घालून चालली, त्याच्यात काय मोठं केलं? साऱ्याच चालतात. तूबी चालते.

सागर : आजी, तुमचं बरोबर आहे. पण पुरावा काय? उद्या कोणी माह्यावरच केस केली तं? आजोबा तं आता काही सांगू शकत नाही.

झुंबरबाई : आता पुरावा पायजे तुले? सहा बोटायले नाही लागला. गाढविणीच्या दुधाले नाही लागला. माही माय बदलायले तुले एक प्रश्नचिन्ह अन तुह्या मायचा अर्धा शब्द पुरला. अन आता उकंडरावचं नाव आलं, तं लगेच कोर्टाची आठवण झाली?

अन्नपूर्णाबाई : बाई, एक विचारू?

झुंबरबाई : विचार.

अन्नपूर्णाबाई : तुम्ही ओट्यापुढं आल्या का चपला आपटत चालता. आजबी आपटल्या. मी रोज ऐकते. पुढच्या घराजवळ गेल्या का मंग साधं चालणं. मले वाटे, इथं चिखल होते म्हणून झटकत असतीन.

झुंबरबाई : मायनं सांगेल आहे. म्हणे, कुठीबी चाल कशीबी चाल, त्या ओट्यापुढं पाय वाजवून चाल. शाळेत जातानीबी वाजवले, अंगणवाडीची नोकरी लागली तवाबी. लोक 'येरामेमची पोर' म्हणून चिडवत, मी रडत घरी जाई. माय म्हणे, म्हणू दे. मेम चपला घालूनच चालते ना? मंग म्हणू दे.

अन्नपूर्णाबाई : अन इथं चिखल काऊन होई, माहीत आहे तुमाले?

झुंबरबाई : मले माहीत आहे. तुले माहीत आहे का?

अन्नपूर्णाबाई : आत्ता कळून राह्यलं. सासूबाई अंथरुणाले खिळेपर्यंत रोज दुपारी तांब्याभर पाणी रस्त्यावर टाकत. मी म्हणो, आत्याबाई, पाण्याची इतकी बोंब, टँकर येऊन राह्यला, अन तुम्ही रस्त्यावर कायले वतता? तं म्हणत, धूळ उडते. उन्हाळ्यातबी वतलं, पावसाळ्यातबी वतलं. पावसाळ्यात कोणती धूळ उडते, बाई? मी येवढी मोठी घोडी, मले हे एकदा सुचलं नाही. अंगणवाडी सुटायच्या टायमालेच वतत.

झुंबरबाई : हाव.

अन्नपूर्णाबाई : अन तुम्ही रोज त्याच्यातून गेल्या.

झुंबरबाई : मले सवय होती. पोटात असल्यापासून.

अन्नपूर्णाबाई : तुम्ही मले सांगितलं काऊन नाही? इतक्या वर्षांत संगं हळदीकुंकवाले नाही आल्या, पण माह्या पोराले पोलिओचा डोस तुम्ही पाजला. माह्या बाळंतपणात तुम्ही सरकारी दवाखान्यात आल्या. एकदा म्हणायचं तं, अन्नपूर्णे, तुही सासू असं करते.

झुंबरबाई : तू काय केलं असतं?

अन्नपूर्णाबाई : काही नसतं केलं. तवा तं नसतंच केलं.

झुंबरबाई : मंग कायले सांगू?

सागर : आई, तू रडू नको. आजी, मी त्या चॅनलवाल्यायले फोन लावतो. ते निघाले असतीन. काय सांगू त्यायले?

झुंबरबाई : सांग, येरामेम सापडली. पण थुंकी देत नाही म्हणे.

अन्नपूर्णाबाई : सागर, फोन मंग लाव. आधी तो कॅमेरा काढ.

सागर : कायले?

अन्नपूर्णाबाई : पहिल्या व्हिडिओत मी बोलली होती ना? 'माझ्या कानानं ऐकलं' म्हणून. आता पुरं सांगीन. झुंबरबाई कायले सांगतीन? त्यायनं भोगलं, वरून पुरावाबी त्यायनंच द्यायचा? ऐकलं मी, पाह्यलं मी. ह्या घरात सून म्हणून आली ते मी. सासूबाईचा तांब्या अजून माह्या मोरीत आहे.

सागर : आई, आजोबांचं नाव घेशीन?

अन्नपूर्णाबाई : घेईन.

सागर : आत्या काय म्हणतीन? बाबा वावरातून आले तं मले फाडून खातीन. अन चिखलीवाले?

अन्नपूर्णाबाई : चिखलीवाल्याच्या पोरीले हे घर कसं आहे ते आधी कळू दे. मले नव्हतं कळलं. मले वाटलं, ह्या घरात लोकायचं कौतुक करतात.

झुंबरबाई : अन्नपूर्णा, माह्यासाठी नको करू. उपकार नाही पायजे मले.

अन्नपूर्णाबाई : तुमच्यासाठी नाही करून राह्यली. मले राग आला आहे.

झुंबरबाई : कोणाचा?

अन्नपूर्णाबाई : साऱ्यायचा. सासूचा. सासऱ्याचा. ह्या पोट्ट्याचा. माहा स्वतःचाबी. चाळीस वर्षं मी तो रस्ता झाडला, बाई, अन मले कोणी सांगितलं नाही का तो चिखल कायचा आहे.

झुंबरबाई : मंग आपलं सांग. पण एक ध्यानात ठेवजो. रडून नको सांगू. माही माय रडत नव्हती चालली.

अन्नपूर्णाबाई : हाव.

झुंबरबाई : अन नाव सांगजो. तानाबाई जानराव. नुसतं 'एक बाई' नको म्हणू.

अन्नपूर्णाबाई : तानाबाई जानराव.

झुंबरबाई : अन सागर, तू.

सागर : हो, आजी.

झुंबरबाई : त्या दुसऱ्या बाईचंबी पाहून घे. ती सहा बोटं काढून टाक तिच्या पायाची. अन ते आठ महिने तिचे तिले देऊन टाक.

सागर : काढतो, आजी. पण ते सँडल फेकून मारल्याचं?

झुंबरबाई : ते खरं असन तं राहू दे.

सागर : खरं आहे का, माहीत नाही.

झुंबरबाई : मंग तेबी काढ. चांगलं वाटलं म्हणून काय झालं?

अन्नपूर्णाबाई : चहा तसाच राह्यला, बाई. दुसरा टाकू?

झुंबरबाई : आज नाही. आज माह्यानं ह्या ओट्यावर पिणं होत नाही. पुढं पाहू. मी निघते, समता फोनची वाट पाहत असन. तिले सांगते, पणजीचं नाव येऊन राह्यलं म्हणून.

अन्नपूर्णाबाई : जा. सावकाश जा.

सागर : आई, इकडं तोंड कर. भिंतीकडं नको, रस्त्याकडं. पदर घ्यायचा तं घे. केलं सुरू, बोल आता.

अन्नपूर्णाबाई : थांब.

सागर : काऊन? आता काय झालं?

अन्नपूर्णाबाई : तिच्या चपला वाजून राह्यल्या. आधी तेवढ्या येऊ दे त्याच्यात.